समोरून वारा

दोन विमानतळांमधलं अंतर जाताना जेवढं, तेवढंच येताना. वेळ मात्र तेवढा नसतो. जाताना वारा आमच्या पाठीशी होता, आठ तासांत पोहोचलो. येताना तोच वारा समोरून आला आणि साडेदहा तास लागणार होते. मधल्या अडीच तासांनी माझी बायको नेली.

आम्ही दोघं विमानातून घोडे न्यायचं काम करायचो. कोणाचा घोडा शर्यतीला जायचा, कोणाचा पैदाशीसाठी विकलेला असायचा. मालवाहू विमानात घोड्यांना पेट्यांमध्ये उभं करतात. पेटी वरून उघडी, धातूची चौकट आणि जाड फळ्या. एका पेटीत दोन खण, मध्ये फळ्यांची आडभिंत, घोड्यांच्या छातीसमोर एकेक आडवा दांडा. दांड्याच्या अलीकडे, त्यांच्या तोंडाशी, आम्ही. विमान चढताना-उतरताना घोड्याचेही कान दडपतात. तेव्हा त्याचं तोंड चालू राहावं म्हणून वाळल्या गवताची जाळी समोर टांगलेली असते. प्रवासी विमानात माणसांना जेवण विचारतात. आमच्याकडे घोड्यांना विचारायचं आणि आपण डब्यातलं गार खायचं.

बायकोचा हात मानेवर पडला की घोडा ऐकायचा. मी ताकदीचा आणि ती अकलेची, अशी आमची वाटणी तीच लोकांना सांगायची. लोक हसले की पुढे म्हणायची, घोड्यात आणि यांच्यात फरक एवढाच, की घोडा उभ्याने झोपतो.

त्या खेपेला जाताना सहा घोडे नेले आणि येताना एकच आणायचा होता. काळा, तरणा, खच्ची न केलेला. विमानात पहिल्यांदाच चढणार होता. त्याच्या अंगावर झूल, चार माणसं दोऱ्या धरून, जो तो विचारतोय खाल्लं का, पाणी प्यायला का. बायकोने त्याचं नाव नवरदेव ठेवलं. मला म्हणाली, आपल्या लग्नात तुम्हाला एवढं कोणी विचारलं नव्हतं. शेजारच्या खणात मावशी. मावशी म्हणजे आमची म्हातारी घोडी. नवख्या घोड्याला सोबत म्हणून ती दोन्ही वेळा यायची. बऱ्याच वैमानिकांपेक्षा तिचं उडणं जास्त झालं असेल. विमान सुटलं की एक मोठा श्वास टाकायची आणि मागचा एक पाय ढिला सोडून उभी राहायची.

त्या खेपेचा प्रमुख म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्यांची आई लवकर गेली, म्हणून बायकोनेच त्याला न्हाऊ-माखू घालून वाढवलं होतं. इतकी वर्षं तो आमच्या हाताखाली जाळ्या भरायचा, शेण काढायचा. कंपनीने पहिल्यांदाच त्याला खेप लावून दिली होती. कंपनीचं निळं जाकीट मिळालं होतं, ते तो उन्हातही काढत नव्हता. बायको त्याला साहेब म्हणायला लागली होती. साहेब, शेण कुठे टाकू? साहेब, मावशीला शिंक आली, सही करा. तो चिडायचा आणि हसायचाही.

नवरदेवाला झोपेची नाही, पण सुस्तीची सुई द्यायची होती. पहिली सुई, पेटी विमानात चढवण्याआधी; दुसरी वाटेत, उतरायच्या सुमारास तिचा अंमल पक्का राहील अशा बेताने. तिसरी द्यायची नाही. तिथल्या जनावरांच्या डॉक्टराने बजावून सांगितलं होतं की तिसरी दिली तर हृदय बंद पडेल. आणि घोडा एकदा बिथरला, की मग सुई टोचूनही उपयोग नसतो. त्याचं रक्त उसळलेलं असतं, औषध त्यात कुठल्या कुठे जातं. म्हणजे सगळं दुसरी सुई कधी द्यायची यावर. डॉक्टराने मेहुण्याला विचारलं, उड्डाण किती वेळाचं? मेहुणा म्हणाला, आठ तास. डॉक्टराने त्यावरून दुसऱ्या सुईची वेळ काढून दिली.

आमची एक रीत होती. दुसरी सुई भरण्याआधी बायको पुढे कप्तानाकडे जायची आणि विचारायची, खाली टेकायला अजून किती? जमिनीवर कोणी काहीही सांगितलेलं असो, ती विचारल्याशिवाय सुई भरायची नाही. त्या दिवशी ती उठली तेव्हा मेहुण्याने तिला थांबवलं. म्हणाला, ताई, दर वेळी काय जाऊन विचारायचं? बस चालली आहे का? मी प्रमुख आहे, माझ्याकडे वेळ लिहिलेला आहे, आणि ते लोक आपल्याला अडाणी समजतात. तिने त्याच्याकडे पाहिलं. पहिलीच खेप, नवं जाकीट. तिला त्याचा पडलेला चेहरा बघवला नसता. म्हणाली, बरं साहेब. आणि सुई दिली.

बाहेर लख्ख ऊन होतं. मी पेटीला टेकून जरा डोळे मिटले होते. बायकोने मला हलवलं. म्हणाली, आपण अजून खाली का येत नाही? कानाला काहीच जाणवत नाही. मी नवरदेवाकडे पाहिलं. खाली लोंबलेलं डोकं वर आलं होतं. कान एकदा पुढे, एकदा मागे. नाकपुड्या फुलत होत्या. ती म्हणाली, उतरतंय औषध. जा, विचारून या.

मी पुढे गेलो. कप्तान शांत माणूस होता. म्हणाला, दीड तास. मला वाटलं त्याने चुकून सांगितलं. मी म्हणालो, साहेब, आठ तासांचं उड्डाण ना? तो म्हणाला, ते जाताना. आता वारा तोंडावर आहे, साडेदहा धरून चाला. तुमच्या बाई दर वेळी येऊन विचारतात, आज आल्या नाहीत, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल.

मी परत आलो आणि बायकोला सांगितलं. मेहुण्याकडे वळून तिने एकच विचारलं, डॉक्टरला तू काय सांगितलंस? तो म्हणाला, आठ तास. जाताना लागले तेवढे. त्याचा चेहरा अजून साधाच होता. त्याला कळलंच नव्हतं.

तेवढ्यात विमानाला धक्के बसायला लागले. मोठे नव्हते, आम्हाला सवयीचे. नवरदेवाला नव्हते. त्याने पुढचे दोन्ही पाय उचलले आणि आडव्या दांड्यावर आदळले. सगळी पेटी वाजली. मावशी ओरडली. खाली येताना त्याचा डावा पाय गवताच्या जाळीत गेला आणि जाळीच्या दोरीने घोट्याला फास बसला. आता त्याचा एक पाय वर टांगलेला आणि तीन पायांवर तो नाचतोय. पाय ओढला की फास आवळायचा, फास आवळला की तो अजून ओढायचा. दोरीने कातडं सोललं गेलं आणि पांढरं दिसायला लागलं.

बायको दांड्याखालून आत शिरली. यात वेडेपणा नव्हता, आमच्या धंद्यात हेच करतात. दोरी बाहेरून हाताला येत नव्हती आणि तो पाय मोडून घेणार होता. मी त्याच्या तोंडावर बांधलेली मोरखी दोन्ही हातांनी धरून डोकं खाली दाबून ठेवलं होतं. ती त्याच्या खांद्याला खांदा लावून चिकटून उभी राहिली, म्हणजे लाथ मारायला त्याला जागा नाही. अरे सोन्या, अरे माझ्या राजा, असं म्हणत तिने चाकू चालवला. दोरी तुटली.

पाय सुटला तसा तो सगळ्या अंगानिशी बाजूला झाला आणि त्याने तिला आडभिंतीवर चिरडलं. मी तो आवाज ऐकला. तो कसा होता ते लिहीत नाही. तिचं तोंड उघडं होतं पण त्यातून काही निघालं नाही. मग तो मागे झाला आणि ती भिंतीवरून घसरत खाली गवताच्या भुशात पडली, त्याच्या चार पायांच्या मध्ये.

त्याने डोकं असं झटकलं की मी मोरखीला लटकत वर उचलला गेलो आणि लोखंडी चौकटीवर आपटलो. तोंडात दात हलले. उठलो तर तो मागच्या पायांनी पेटीचं मागचं दार फोडत होता. दार फुटलं तर त्यामागे काही नाही, थेट विमानाचा पत्रा. एकेका लाथेला विमानभर धाड धाड असा आवाज घुमत होता. लाथ मारून पाय परत खाली टेकायचा, तेव्हा तिच्या किती जवळ टेकतोय ते मला दांड्याखालून दिसत होतं. एकदा तिच्या हातावर पडला.

सहवैमानिक धावत आला. त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, कप्तान सांगतायत, आत्ता मारा. हा नियम सगळ्यांना माहीत असतो. विमानात जनावर आवरेनासं झालं की कप्तान म्हणेल तेव्हा ते मारायचं, मग ते कोणाचंही असो. त्यासाठी एक लाल डबा असतो. त्यात पिस्तूल असतं, पण त्यातून गोळी उडत नाही. आत दारूचा बार उडतो, बोटभर लांब पोलादी खिळा झटक्यात बाहेर येतो आणि परत आत जातो. ते जनावराच्या कपाळाला टेकवूनच चालवावं लागतं. डब्याची किल्ली प्रमुखाकडे असते.

मेहुण्याने डबा उघडला होता. पिस्तूल त्याच्या हातात होतं आणि तो पुढे येत होता. मी त्याचं मनगट धरलं.

"खाली ताई आहे," मी म्हणालो.

"दाजी, तो विमान फोडेल. सगळे जाऊ."

"तो मेला की तिच्यावरच पडणार. पाचशे किलो. तुला कळतंय का?"

त्याला कळत होतं. त्याचे डोळे फिरले होते, पण कळत होतं. तरी तो पुढे रेटत राहिला. मी त्याच्या नाकावर कोपर मारलं. तो खाली बसला, परत उठला आणि मला बिलगला. त्या अरुंद जागेत आम्ही दोघं एकमेकांना धरून गोल फिरलो. त्याने मला कानशिलावर पिस्तुलाचा दस्ता मारला. मी त्याचं डोकं पेटीच्या कडेवर दोनदा आपटलं. शेजारी हातभर अंतरावर माझी बायको घोड्याच्या पायात होती आणि आम्ही भांडत होतो. सहवैमानिकाने आम्हाला ओढून बाजूला केलं, तोवर पिस्तूल माझ्या हातात आलं होतं. ते मी कमरेला खोचलं. सहवैमानिक म्हणाला, किती वेळ पाहिजे? मी म्हणालो, तिला काढेपर्यंत. तो म्हणाला, दार टिकेल तोवर काढा.

पेट्या जागेवर बसवायला एक लोखंडी दांडा असतो. तो घेऊन मी मावशीच्या खणात शिरलो. तिच्या पोटाखालून आडभिंतीशी गेलो. ती थरथरत होती, अंगावर घामाचा फेस होता, पण जागची हलली नाही. आडभिंतीची सगळ्यात खालची फळी चार बोल्टांवर होती. मी दांडा फटीत घालून अंग टाकलं. पहिला बोल्ट उडाला. दुसरा निघेना. पलीकडून नवरदेव त्याच फळीवर आदळत होता. त्याच्या एका लाथेने माझ्या हातातला दांडा उडून परत माझ्याच तोंडावर आला आणि हलणारे दात पडले. ते मी थुंकले. पण त्याच लाथेने दुसरा बोल्टही सैल झाला. मी दांड्यावर पाय देऊन उभा राहिलो. फळी एका बाजूने उचकटली.

तिचा चेहरा माझ्याकडे होता. डोळे उघडे. तिने मला ओळखलं. मी तिच्या पँटीचा पट्टा धरला आणि ओढलं. ती ओरडली. मी थांबलो. ती दात आवळून म्हणाली, ओढा. मी ओढली. फळीच्या फुटक्या कडेने तिची पाठ सोलली, तरी ओढली. ती मावशीच्या बाजूला आली आणि त्याच क्षणाला जिथे तिचं डोकं होतं तिथे भुसा उडाला.

सहवैमानिकाने तिला माझ्याकडून घेतलं. मी पुढे गेलो, नवरदेवासमोर. आता त्याला मारायचं कारण फक्त कप्तानाचा नियम नव्हता, हे मला माहीत आहे. छातीसमोरच्या आडव्या दांड्यावर चढून मी डाव्या हाताने त्याची मोरखी धरली आणि पिस्तूल कपाळाला लावलं. डाव्या डोळ्यापासून उजव्या कानाकडे एक रेघ आणि उजव्यापासून डाव्याकडे एक, जिथे दोन्ही कापतात तिथे. त्याने मान फिरवली आणि खिळा घसरून डोळ्याच्या वरचं हाड फोडून गेला. तो किंचाळला. घोडा किंचाळताना मी आयुष्यात तेवढाच ऐकला. त्याने मला उडवलं, मी परत चढलो. त्याच्या डोळ्यातून रक्त माझ्या तोंडावर येत होतं. मी पिस्तुलात नवा बार भरला, हात रक्ताने निसरडा झाला होता, दोनदा सटकला. मग पलीकडून मावशीने आवाज दिला, हलका, नेहमी नवख्याला देते तसा. तो थांबला. कान पुढे केले. मी परत टेकवून चालवलं.

चारी पाय एकदम गेले. पेटी हादरली, विमान हादरलं. मागच्या एका पायाने तो थोडा वेळ हवेत धावत राहिला आणि मग तेही बंद झालं.

बायकोला आम्ही गवताच्या गाठोड्यांवर ठेवलं. तिचा डावा हात कोपरापासून भलतीकडे वळला होता. ते काही नाही. छातीची एक बाजू श्वासाबरोबर वर येण्याऐवजी आत जात होती. ओठाच्या कोपऱ्यात फेस होता, गुलाबी. मी पुष्कळ जनावरं मरताना पाहिली आहेत. मला तो रंग आवडला नाही.

कप्तान स्वतः मागे आला. तिच्याकडे बघून त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, घोडा बिथरलेला असताना मी विमान वळवू शकत नव्हतो, आता वळवू शकतो. आपल्या पुढे आपला विमानतळ आहे, मागे वाटेत ओलांडलेला एक आहे. दोन्हीकडे मोठं हॉस्पिटल आहे. खाली सगळा समुद्र, दुसरं काही नाही.

मेहुणा मागे उभा होता. नाक सुजून तोंडभर झालं होतं. तो म्हणाला, पुढे जाऊया. पुढचं जवळ आहे, नकाशावर मी बघितलंय, मागचं दीडशे किलोमीटर जास्त आहे.

कप्तान म्हणाला, "पुढचं जवळ आहे. मागचं लांब आहे. पण मागचं लवकर येईल."

मेहुणा म्हणाला, असं कसं? लांबचं लवकर कसं? कप्तानाने हाताने दाखवलं. आत्ता वारा आपल्याला मागे ढकलतोय, वळलो की तोच आपल्याला नेईल, दहा एक मिनिटं वाचतील. मेहुणा ऐकेना. तो म्हणत राहिला की जवळचं सोडून लांब जायचं हा कुठला हिशेब, ताईचा जीव आहे, नकाशा खोटं बोलतो का. तो रडतही होता. मी कप्तानाला म्हणालो, वळवा. मेहुण्याने माझा दंड धरला. मी हात सोडवून घेतला आणि म्हणालो, तू एकदा मोजलंस, पुरे.

विमान कलंडलं. नवरदेवाच्या पेटीतून रक्त निघालं आणि जमिनीवरून रुंद होत आमच्याकडे वाहत आलं. मी बायकोच्या पायाखाली गाठोडं सरकवलं. विमान सरळ झालं तसं ते थांबलं आणि तिथेच गोठायला लागलं. धक्के बंद झाले होते. वारा पाठीशी असला की विमान किती गुळगुळीत चालतं, हे मला तोपर्यंत कधी लक्षातच आलं नव्हतं.

सहवैमानिकाने तिच्या तोंडाला प्राणवायूचा मुखवटा लावला. तिला तो नको होता, एका हाताने ढकलायची. मी धरून ठेवला. थोड्या वेळाने ती बोलली. मुखवट्यातून नीट कळत नव्हतं म्हणून मी कान खाली नेला.

"मावशीला लागलं का?"

"नाही."

"आणि त्याला?"

"गेला तो."

तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "साहेब कुठेय?"

तो शेपटाच्या बाजूला जमिनीवर बसला होता, जाकिटाची बाही नाकाला लावून. मी सांगितलं, आहे इथेच.

"त्याला काही म्हणू नका."

मी हो म्हणालो. विमान खाली यायला लागलं तेव्हा तिने कानाला हात लावायचा प्रयत्न केला. तिचेही दडपले असतील. मी तिला म्हणालो, आवंढा गिळ. तिने गिळला. त्याने तिला खोकला आला आणि मुखवटा आतून लाल झाला. मी तो काढून माझ्या शर्टाने पुसला आणि परत लावला. कप्तानाने विमान एखादी काचेची वस्तू ठेवावी तसं टेकवलं. ती जिवंत होती. चाकं टेकली तेव्हा तिच्या मुठीत माझी दोन बोटं होती आणि तिने ती दाबली.

रुग्णवाहिका विमानाच्या खालीच उभी होती. तिच्यात एकालाच बसता येत होतं. मी बसलो. मेहुणा दुसऱ्या गाडीने मागून आला. हॉस्पिटलात तिला चाकाच्या खाटेवरून दोन दारांपलीकडे नेलं आणि दारं झुलून बंद झाली. मला थांबवलं. एका परिचारिकेने मला विचारलं की तुमच्यावर उपचार करायचे आहेत का. मी म्हणालो, हे रक्त घोड्याचं आहे. ती जरा मागे सरली.

लांबलचक बोळ होता. भिंतीला लागून खुर्च्या, समोर पाण्याचं यंत्र, कोपऱ्यात कोणीतरी विसरलेली छत्री. मेहुणा आला आणि माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला. बराच वेळ आम्ही दोघं त्या दारांकडे बघत होतो. दारं उघडली की दोघंही उठायचो, कोणीतरी भलतंच बाहेर यायचं, आम्ही बसायचो. एकदा त्याने यंत्रातून पाणी आणून माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. ते त्याने खाली ठेवलं.

मग तो बोलायला लागला. हळू आवाजात, माझ्याकडे न बघता. म्हणाला, मी मुद्दाम केलं का? मला कोणी सांगितलं नव्हतं. जाताना आठ तास लागले हे मी स्वतः घड्याळात बघितलं होतं, खोटं लिहिलं नव्हतं. तो म्हणाला, मी ताईला थांबवलं ते खरं, पण तिने माझं ऐकायला नको होतं, तिला माहीत होतं मला काही कळत नाही. हेही मी ऐकून घेतलं. माझा हात मांडीवर होता आणि मी तो तिथेच ठेवला होता.

मग तो म्हणाला, "अंतर तेच होतं ना, दाजी."

त्याला काही म्हणू नका, असं ती म्हणाली होती. मी काही म्हणालो नाहीच. मी उठलो, त्याच्या नव्या जाकिटाची कॉलर धरून त्याला उभा केला आणि मारलं. मोडक्या नाकावरच मारलं. त्याने हात वर केले नाहीत. मी परत मारलं. तो भिंतीला टेकला आणि हात खाली सोडून नुसता उभा राहिला, आणि मला वाटत होतं की याने एक तरी परत मारावी, म्हणजे मला चालू ठेवता येईल. पाण्याचा पेला लाथ लागून उडाला. परिचारिका कोणालातरी हाक मारत पळाली. माझ्या मुठीची सालं निघाली. त्याच्या एका भुवईवरून रक्त डोळ्यात जात होतं आणि तो ते पुसत नव्हता. त्याचं कपाळ अगदी तिच्यासारखं आहे. दोघांचं आईवर गेलेलं. मी मूठ उचलली होती, ती तशीच राहिली.

दारं उघडली. या वेळी डॉक्टर होती. तरुण, हिरव्या कपड्यांत, टोपी हातात. तिने आधी आम्हाला पाहिलं, माझा हात, त्याचं तोंड, जमिनीवरचं पाणी. तिला काय वाटलं असेल कोण जाणे. तिने विचारलं, बाईंचे नातेवाईक कोण?

"मी," मी म्हणालो. तोही त्याच वेळी म्हणाला.

डॉक्टरने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग खुर्च्यांकडे हात केला आणि म्हणाली, बसा.

बसा म्हणाली तेव्हाच कळलं. माझ्या हातात त्याची कॉलर अजून होती. त्याचे पाय गेले आणि तो भिंतीला घासत खाली जायला लागला. मी कॉलर सोडली नाही. त्याच्याबरोबर मीही खाली बसलो.